तो आवाज कुठून आला, इक्बाल?

इक्बाल,

तू गेल्याची बातमी गावाला तुझ्याच भोंग्यातून कळली. मशिदीवरचा तो संच तू स्वतः बसवलेला. तोवर तुला दुकानातून घरी आणलं होतं आणि मी तुझ्या पायाशी बसलो होतो. बाहेर भोंगा खरखरला, बारीक शिट्टी वाजली आणि मग तुझं नाव आलं. पहिल्यांदा माझं काय झालं सांगू? मी तुझ्याकडे पाहिलं. भोंग्यानं शिट्टी मारली की तू जेवत्या ताटावरून उठायचास आणि "माईक बाजूला घ्या, माईक!" म्हणत धावायचास. तू उठला नाहीस. तेव्हा मला पटलं.

गावातली चार माणसं म्हणाली, "मास्तर, इक्बालभाईंवर काहीतरी लिहा." त्यांना हवंय तसं मला लिहिता येणार नाही. तू किती लग्नांना मंडप टाकलास, कुणाकुणाच्या सभेला माईक दिलास, हे ज्याला त्याला माहीत आहे. मला तुझ्याशी बोलायचंय. गेली काही वर्षं तुझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागायचं आणि आपलं खासगी बोलणं मिरजगावच्या अख्ख्या पेठेला ऐकू जायचं. आज खूप दिवसांनी हळू आवाजात बोलतोय.

आपण सहावीत होतो. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या चिंचेखाली बसून तू माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी संपवत होतास. हिवाळ्याचं निरभ्र आभाळ, आणि तो आवाज झाला. ढग नाही, वारा नाही. कुणीतरी जमिनीच्या पोटात भलंमोठं दार आपटावं तसा. शाळेचे पत्रे थरथरले, वळचणीचे पारवे एकदम उडाले, आणि मग इतकं शांत झालं की सडकेवरच्या बैलगाडीचं चाक कुरकुरताना ऐकू आलं. गुरुजी सगळ्यांना वर्गात घेऊन म्हणाले, "नगरकडं लष्कराचा सराव चालू आहे. बसा गुमान."

तू उभा राहिलास. "गुरुजी, नगर लई लांब हाय. हितले पत्रे कसे हालले?"

"मोठा गोळा असेल."

"मंग नगरचे पत्रे उडूनच गेले असतील."

वर्ग हसला आणि तुला बाहेर उन्हात उभं केलं. मी खिडकीशी बसायचो. थोड्या वेळानं बघतो तर तू उभा नव्हतास. शिक्षा झालेला पोरगा मैदानात पालथा पडून जमिनीला कान लावून होता. गुरुजींनी पाहिलं. मला वाटलं आता छडी. पण ते दारात नुसते थांबले आणि तसेच आत आले. का, ते त्यांनाच ठाऊक.

त्यानंतर तो आवाज आपल्या भागात येतच राहिला. कधी दोन वर्षांनी, कधी एकाच हिवाळ्यात दोनदा. कर्जतच्या बाजूला व्हायचा, श्रीगोंद्याच्या बाजूला व्हायचा. वर्तमानपत्रात 'गूढ आवाजानं परिसर हादरला' असं छापून यायचं. कुणी म्हणायचं विहिरीचे सुरुंग, कुणी म्हणायचं बोअरवेलनी जमीन पोकळ केली म्हणून पोटातली हवा फुटते, कुणी म्हणायचं विमान. वेशीजवळची सखूबाई म्हणायची, देवीचा रथ निघतो. एकदा तालुक्याहून साहेब आले, भूकंपाच्या यंत्रावर कसलीही नोंद नाही असं सांगून गेले. त्यांची जीप हलली तसा तू मला म्हणालास, "नोंद न्हाई म्हंजे झालं न्हाई का रं?"

मी तोवर श्रीगोंद्याच्या ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागलो होतो आणि तू वडिलांच्या मंडपाच्या धंद्यात पक्का झाला होतास. रविवारी मी गावी आलो की तुझ्या दुकानात बैठक ठरलेली. तू वायरींचे गुंडाळे सोडवत बसायचास आणि प्रश्न विचारायचास. आवाज भिंतीतून जातो तर माणूस का जात नाही. रात्री लांबचा भोंगा जवळ का वाटतो. कुत्र्याला आपल्या आधी काय ऐकू येतं. तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही, ती आज सांगतो. माझ्या वर्गात वर्षानुवर्षं एकच प्रश्न यायचा, "सर, हे परीक्षेला येणार का?" काही वर्षं अशी गेली की मला माझाच विषय शिळा वाटायला लागला होता. रविवारची एसटी धरून तुझ्या दुकानात आलो की तो परत ताजा व्हायचा. मला वाटायचं मी तुला शिकवतोय.

आणि तो दिवस आठवतो? आपण चाळिशीचे. रविवारी सकाळी मी तुझ्या दुकानात चहाचा पहिला घोट घेतला आणि आवाज झाला. समोरच्या हॉटेलातल्या बाटल्या खणखणल्या. हातातला कप तसाच खाली ठेवून तू शटर ओढलंस आणि मोटरसायकलला किक मारलीस. "बस मागं. आज शोधून काढू."

ज्वारी हुरड्यात आली होती. पहिल्या गावात पारावर एक म्हातारबुवा बसले होते. तू गाडी न थांबवताच विचारलंस, "बाबा, मगाशी आवाज आला का?"

"आला तर! फळीवरची भांडी खाली आली."

"कुठनं आला?"

त्यांनी पुढच्या गावाकडं हात केला. पुढच्या गावात हापशावर बायका होत्या. "लई मोठा झाला बाबा. पर आमच्यात न्हाई, त्या तिकडं पल्याड झाला." पल्याडच्या गावात सांगितलं, अजून पुढं. एका वस्तीवर हुरडा खायला बसवलं, तिथंही हात पुढंच. ऊन चढलं, कच्चा रस्ता संपला, आणि शेवटी एका रानात माळ्यावर चढून गोफण फिरवत पाखरं राखणारा माणूस भेटला.

"आवाज कुठं झाला हो पाव्हणं?"

"तुमी कुठले?"

"मिरजगावचे."

"मंग मला काय इचारता? तुमच्यातच झाला न्हवं तो!"

तू गाडी बंद केलीस आणि बांधावर बसून हसायला लागलास. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलास. मी वैतागलो होतो. म्हणालो, "रविवार फुकट गेला."

"फुकट कसा? समद्या गावांनी एकच गोष्ट सांगितली की."

"कोणती?"

"आवाज दुसरीकडं झाला. म्हंजे तो कुठंच झाला न्हाई, न्हाईतर समद्यांच्या डोक्यावर एकदम झाला."

मी चमकलो. काटकी घेऊन मातीत आकृती काढली. आवाजापेक्षा जोरात जाणारं विमान असेल तर त्याच्यामागं हवेची एक लाट पसरते, ती ज्या ज्या गावावरून जाते त्या प्रत्येकाला धमाका शेजारीच झाल्यासारखा वाटतो, हे समजावून सांगितलं. तू इतक्या आनंदानं ऐकत होतास की मला वाटलं, झालं, सुटलं कोडं. मग तू विचारलंस, "इमान कुनी पाह्यलं?"

"फार उंचावर असतं."

"म्हंजे दिसत न्हाई."

"दिसत नाही."

"लष्कर सांगतं का?"

"ते कशाला सांगतील!"

"मंग मास्तर, तुझं इमान बी दिसत न्हाई आन् सखूबाईचा रथ बी दिसत न्हाई. फरक काय ऱ्हायला?"

मी चिडलो. येताना मागं बसून तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. फरक आहे, इक्बाल. विमान होतं की नव्हतं हे कधी ना कधी तपासता येतं, रथाचं तसं नाही. हे उत्तर मी तुला पुढं अनेकदा दिलं. दर वेळी तू मान डोलवायचास आणि म्हणायचास, "बरोबर. मंग तपासल्यावर सांग." मला अजूनही वाटतं, विमानच असणार. आणि अजूनही मी ते तपासलेलं नाही.

मी तुला एक टोमणा नेहमी मारायचो. म्हणायचो, आवाजाला पुरावा मागतोस आणि पाच वेळा मशिदीत जातोस, तिथं कधी पुरावा मागितलास का? माझं देवाशी जमत नाही हे तुला माहीत होतं आणि तू कधी ते मनाला लावून घेतलं नाहीस. एकदा मात्र हातातली वायर खाली ठेवून म्हणालास, "तिथं मी इचारायला जात न्हाई दत्ता. बसायला जातो." मला दत्ता तू फार क्वचित म्हणायचास. त्या दिवशी मी तो विषय बंद केला.

मी निवृत्त होऊन गावी परतलो त्या हिवाळ्यातलं आपलं भांडण तर अख्ख्या गावानं ऐकलं. संध्याकाळी लागोपाठ दोन आवाज झाले. अर्ध्या तासात कुणीतरी मोबाईलवर पसरवलं की रात्री मोठा भूकंप होणार, घरात झोपू नका. लोकांनी बाजारतळावर खाटा आणल्या, गोधड्या आणल्या. दम्याची माणसं, तान्ही पोरं, सगळे उघड्यावर. सखूबाईची नातसून दिवस भरत आलेली, ती पोत्यावर बसून कुडकुडत होती. सरपंच धावत आले. "मास्तर, तुमी सायन्सचे. माईकवरनं येकदा सांगून टाका, इमान हुतं म्हनून. लोक घरी जातील."

तू तोवर ओट्यावर माईक लावून ठेवला होतास. मी ओट्यावर चढलो. तू माईकच्या दांड्यावर हात ठेवलास.

"काय सांगनार हायेस?"

"विमान होतं म्हणून सांगतो."

"तुला माहिती हाय?"

"बहुतेक तेच होतं."

"मंग बहुतेक म्हन."

"इक्बाल, बायका-पोरं थंडीत बसलीत. आत्ता बहुतेक-बिहुतेक म्हटलं तर एकही जण उठणार नाही."

"आन् उद्या खरंच जमीन हालली तर? परत तुझं कोन ऐकंल?"

"मग तू सांग ना काय ते!"

"मला ठाव न्हाई!"

"मलाही माहीत नाही!"

माझे ते शब्द समोरच्या स्टँडच्या भिंतीवर आपटून परत आले तेव्हा आपल्या दोघांना कळलं. माईक चालू होता. सगळा बाजारतळ गप्प.  मग पोत्याजवळून सखूबाईचा आवाज आला, तिला काही माईक लागत नव्हता. "आगं बया! ह्या दोगांनाच ठाव न्हाई, तर त्या मोबाईलवाल्याला कुठनं ठाव झालं?"

एक जण हसला. मग दुसरा. मग हसू पसरत गेलं, शेवटी सरपंचही तोंड फिरवून हसायला लागले. सखूबाई उठली. "चल गं पोरी घरी. भूकंप यायचा तवा यील, हितं गारठून मरशील." तू माईक हातात घेतलास आणि साधं बोललास. म्हणालास, आवाज कशाचा हाय ते आमाला कळलं न्हाई. भूकंप होनार का न्हाई ते बी कुनाला सांगता येत न्हाई, मोबाईलवाल्याला बी न्हाई. ज्यांच्या भिंतीला भेगा हायेत त्यांनी आज अंगनात झोपा. मी माझ्या घरात झोपनार हाय, आमच्या घरवालीला, शमीमला इचारा. बायका पुन्हा हसल्या. लोक खाटा उचलायला लागले. काही तिथंच थांबले, पण भीती गेली होती.

घरी जाताना आपण पुन्हा भांडलो. तू म्हणालास, खरं सांगितलं म्हणून लोक गेले. मी म्हणालो, फजिती झाली म्हणून गेले, नशीब समज. माझं मत आजही तेच आहे. माणूस थंडीत कुडकुडत असेल तर त्याला आधी घरात न्यावं, बहुतेक आणि नक्की यातला फरक उद्या चहा पिताना समजवावा. तुझं मत तू बदलणार नाहीस. चालायचंच.

मग तुझा कान गेला. आदल्या दिवशी नीट होता. सकाळी उठलास तर डाव्या कानात काही नाही. शमीमभाभींना वाटलं मळ असेल, त्यांनी कोमट तेल घातलं. तू मला बोलावून घेतलंस. कानाशी टिचकी वाजवायला लावलीस, मग घड्याळ धरायला लावलंस आणि म्हणालास, "आरं, हिकडची लाईनच कट हाय."

नगरला तपासण्या झाल्या. मी सोबत होतो. कानाचे डॉक्टर तरुण होते. सगळे कागद पाहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "काका, खरं सांगू? असं अचानक होतं तेव्हा पुष्कळदा कारण सापडतच नाही. औषध देतो. फरक पडेल किंवा पडणार नाही." भाभी खवळल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "कसला डाक्टर हाय ह्यो? काय झालंय त्येच म्हाईत न्हाई!" मीही मनातून हादरलो होतो. इतकी यंत्रं, इतके कागद, आणि शेवटी 'सापडत नाही'. तू मात्र जिन्यावर थांबून मला म्हणालास, "ह्यो मानूस आवडला आपल्याला." 

औषधानं फरक पडला नाही. भाभींनी एका दर्ग्याला नवस बोलला होता, तिथं तू मुकाट्यानं जाऊन आलास. मी विचारलं, "तुझा विश्वास आहे?" तू म्हणालास, "शमीमचा हाय. मी ड्रायव्हर म्हनून गेल्तो." पुढं दुसरा कानही हळूहळू मंदावला. बेलापूरला दिलेली तुझी लेक रुखसाना, तिनं हट्टानं कानाचं मशिन आणून दिलं. तू ते घालायचास आणि काढून खिशात ठेवायचास. त्यात ताटं लई वाजतात म्हणायचास, वाराच ऐकू येतो म्हणायचास. ज्या माणसाला दोन गल्ल्यांपलीकडचा सैल झालेला भोंगा नुसत्या खरखरीवरून ओळखता यायचा, तो आता माझ्या ओठांकडं बघून बोलणं समजून घेत होता. तू त्याबद्दल रडलास का कधी? माझ्यासमोर नाही. मी विचारलंही नाही. आपल्यासारख्या पुरुषांना आवाजाच्या वेगाबद्दल तासन् तास बोलता येतं, हे विचारता येत नाही.

गेल्या थंडीत सकाळी मी दुकानात बसलो होतो. तू माझ्याकडं पाठ करून लोखंडी कपाटातून जुने माईक काढत होतास. मशिन खिशात होतं. आणि आवाज झाला. इतका स्वच्छ, इतका मोठा, की शटर वाजलं आणि समोरच्या हॉटेलातली माणसं रस्त्यावर आली. मी उठून उभा राहिलो. तू हळूच वळलास. तुझा एक हात कपाटावर होता. तू माझं तोंड पाहिलंस.

"झाला?"

मी मान हलवली.

"मोठा?"

"मोठा."

तू स्टूल ओढून माझ्यासमोर बसलास. "सांग."

इक्बाल, आयुष्यभर मी तुला त्या आवाजाचं कारण सांगत आलो. तो आवाज कसा होता, हे सांगायची वेळ कधी आली नव्हती, कारण तो माझ्यापेक्षा तुलाच जास्त ऐकू यायचा. मी ओरडून सांगायला लागलो. आधी एकदम धप्प, म्हणालो. तू विचारलंस, वरनं का खालनं? मी डोळे मिटून आठवलं. वरून आला असं वाटलं आणि पायाला खालून लागला, असं सांगितलं. मागं काय ऱ्हायलं? मागं लांब जाणारी गडगड राहिली, दक्षिणेकडं गेल्यासारखी. पाखरं? पाखरं आधी उडाली की नंतर? मला आठवेना. तू चिडला नाहीस. समोरच्या हॉटेलातली माणसं दारात येऊन उभी होती, त्यांना वाटलं आपलं भांडण लागलंय.

मग तू तळहात छातीवर ठेवलास. "मला बी आला," म्हणालास. "कपाटातनं हातात आला आन् हितं बसला. कानाला न्हाई."

आणि तू उठून पुन्हा पाठ केलीस. वायरीचा एक गुंडाळा घेऊन तो गुंडाळत राहिलास. गुंडाळलेलाच होता तो. मी तुझ्या पाठीकडं बघत बसलो. उठून तुझ्या खांद्यावर हात ठेवावा असं फार वाटलं. ऐकू न येणाऱ्या माणसाला मागून हात लावला तर तो दचकतो, एवढं कारण मी स्वतःला दिलं. थोड्या वेळानं तू तोंड न फिरवताच म्हणालास, "चांगला सांगितलास मास्तर. तुझ्या कानानं ऐकला म्हन."

तुझ्याकडून मिळालेली ती एकच शाबासकी. मी ती कुणाला सांगितलेली नाही.

गेलास त्या दिवशी तू दुपारची नमाज पढून दुकानात आलास, जरा पडतो म्हणालास आणि पडलास ते पडलासच. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं, हृदय बंद पडलं म्हणाले. तुझं वय, तुझी शुगर, तुझ्या वडिलांनाही तेच झालेलं, सगळं त्यांनी नीट सांगितलं. कुठंही बहुतेक नव्हतं. कारण इतकं स्पष्ट होतं की विचारण्यासारखं काही उरलंच नाही. मी आयुष्यभर स्पष्ट कारणांच्या बाजूनं बोललो, इक्बाल. त्या दुपारी ते ऐकून मी दुकानाच्या पायरीवर बसलो आणि त्या कारणाचं काय करायचं तेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रुखसाना बेलापूरहून पोचल्यावर, तुला नेलं. तुझ्या माणसांनी मला पुढं घेतलं, खांदा द्यायला लावला. कबरीत माती टाकताना माझा हात थांबला. एकानं हळूच सांगितलं, "टाका मास्तर, तीन मुठी." मी टाकली. मातीचा आवाज येतो, हे मी इतक्या जवळून कधी ऐकलं नव्हतं.

आज तुझ्या घरी जाऊन आलो. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर बाई परक्या पुरुषासमोर येत नाही ते दिवस, म्हणून पडद्याआडून बोलल्या. रुखसानानं बाहेर खुर्ची टाकली, चहा दिला. भाभींनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, घरच्यांची केली. 

"भाऊ," त्या म्हणाल्या, "येक इचारू का? तुमी शिकलेले हायेत म्हनून इचारते."

"विचारा ना भाभी."

"जल्मभर त्यो आवाज, त्यो आवाज करत फिरले. हितं कुनाला सांगता आलं न्हाई. आता तिथं गेल्यावर त्यास्नी कळलं आसंल का हो, कशाचा हुता त्ये?"

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. तू असतास तर माझ्या तोंडाकडं टक लावून बघत बसला असतास, आता मास्तर काय बोलतोय म्हणून. हो म्हणणं सोपं होतं. माझ्या स्वतःच्या मतानं तेच म्हणायला हवं होतं, बाई दुःखात आहे, आधी तिला आधार द्यावा. नाही म्हणणं तर अगदीच शक्य नव्हतं. मला तुझी आठवण इतकी जोरात आली की मी जे तोंडाला आलं ते बोललो.

"कळलं की नाही ते मला माहीत नाही, भाभी. पण तिथं कुणाला तरी धरून बसला असेल. विचारत असेल, वरनं आला का खालनं, पाखरं आधी उडाली का नंतर."

 पडद्यामागून आवाज आला, अडखळत, श्वास कोंडल्यासारखा. मला वाटलं, मी त्यांना रडवलं. मी कप खाली ठेवून उठलो. रुखसाना घाईनं आत गेली. जरा वेळानं तिनं पडदा थोडा बाजूला करून डोकं बाहेर काढलं. तिचे स्वतःचे डोळे भरले होते.

"बसा काका," ती म्हणाली. "अम्मी हसतीय."